शहरांतली ओसरी

श्रोतेहो, हें भाषण आपल्या कानीं पडत असतां बहुधा आपलीं जेवणें आटोपलीं असतील. दाराला आंतून कडी लागली असेल किंवा थोड्या वेळानें लागेल. रात्रीं कडी लावणें आपल्या इतकें अंगवळणीं पडलेलें असतें कीं, तें करतांना आपण कांहीं विशेष करीत आहों असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. आज मला ज्या माणसांविषयीं बोलावयाचें आहे, त्यांना रात्रीं लावावयाला दारच नसतें.

माझें लहानपण सातारा जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत गेलें. तेथें रात्रीं परका मनुष्य आला तर त्यानें झोंपावें कोठें, हा प्रश्न गांवाला फारसा पडत नसे. मारुतीचें देऊळ होतें, चावडी होती, आणि बऱ्याच घरांना रस्त्याच्या अंगाला ओसरी होती. कल्हईवाले येत, वैदू येत, वारीहून परतणारे येत. माझी आजी पहांटे ओसरी झाडावयाला जाई, तेव्हां तेथें कोण निजलें आहे हें तिला ठाऊक नसे. "कोण रे बाबा तूं?" असें ती विचारी, पण त्याला चहा चालेल कीं नुसतें पाणी द्यावें, एवढें ठरविण्यापुरतेंच तें विचारणें असे. हें चित्र मी रंगवून सांगत आहें असें मात्र समजूं नका. त्या ओसरीवर कोणीं चढावें आणि कोणीं अंगणाच्या कडेलाच थांबावें, याचेहि नियम होते. आणि ते कोणाला लागू होत हें आपणां सर्वांस माहीत आहे. तरीसुद्धां ओसरी या वस्तूंत एक गुण होता. ती घराचा भाग होती, आणि तिला दार नव्हतें.

मुंबईंत ओसरी नाहीं. नोकरीच्या निमित्तानें या शहरांत आल्यावर माझ्या हें पुष्कळ वर्षें लक्षांतहि आलें नव्हतें. तें लक्षांत आलें एका रात्रीं, आणि तेंहि उलट्या रीतीनें.

ती रात्र २६ जुलै २००५ ची. सांताक्रूझच्या वेधशाळेंत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, ही नोंद आपल्यापैकीं अनेकांना पाठ असेल. मी शिक्षक. अंधेरीची शाळा सोडून दुपारीं निघालों तों गाड्या बंद पडलेल्या. इतरांबरोबर रुळांच्या कडेनें चालूं लागलों. अंधार पडेपर्यंत कमरेएवढ्या पाण्यांतून मोठ्या मिनतवारीनें वांद्र्यापर्यंत आलों, आणि मग पाय उचलेनासे झाले. एका शाळेचें फाटक उघडें दिसलें. आंत गेलों. पहिल्या मजल्यावरच्या वर्गांत तीसचाळीस माणसें होतीं. बॅंकेंतले एक अधिकारी होते, कॉलेजांतल्या दोन मुली होत्या, रिकामी पाटी उशाला घेऊन बसलेली एक कोळीण होती. मागच्या चाळींतल्या बायकांनीं पातेलेंभर खिचडी आणून दिली. मी बाकावर आडवा झालों आणि उजाडेपर्यंत शांत झोंपलों. कोणीं माझें नांव विचारलें नाहीं, कोणीं रेशनकार्ड मागितलें नाहीं, आणि उद्यां सकाळीं किती वाजतां जाणार हेंहि कोणीं विचारलें नाहीं.

त्या रात्रीं लाखों मुंबईकर बेघर होते. देवळें, मशिदी, शाळा, इमारतींचे जिने, सगळें उघडें झालें होतें. म्हणजे ओसरी या शहराला माहीत नव्हती असें नाहीं. एक रात्र तरी ती सबंध शहरभर उघडलेली मीं पाहिली.

पुढें साडेपांच वर्षांनीं, २०११ च्या शिरगणतींत, शिक्षक म्हणून माझीहि नेमणूक झाली. आपल्याकडे बेघरांची मोजणी निराळी करतात. जे इमारतींत न राहतां उघड्यावर, फूटपाथवर, मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखालीं, जिन्याखालीं, देवळाच्या आवारांत किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतात, ते शिरगणतीच्या व्याख्येनें बेघर. त्यांची गणना एकाच रात्रींत उरकावयाची असते, कारण दुसऱ्या दिवशीं ते त्याच जागीं सांपडतीलच असें नाहीं. त्या वर्षीं २८ फेब्रुवारीची रात्र यासाठीं राखून ठेवलेली होती. माझ्या वांट्याला दादरच्या फुलबाजाराच्या बाजूचा एक रस्ता आला.

बंद दुकानाच्या फळीखालीं एक कुटुंब होतें. एक म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि दोन मुलें. मुलें झोंपलीं होतीं. सून गजऱ्यांचे दोरे सोडवीत बसली होती. मीं कागद काढले तशी म्हातारी म्हणाली, "कशापायी लिवताय, सायेब? हाकलाया न्हवं?"

"नाहीं आजी," मीं म्हटलें, "किती माणसें उघड्यावर राहतात हें सरकारला कळावें म्हणून."

"सरकारला ठावं न्हाई व्हय? आवो, परवाच गाडी आली अन् हातरुनं उचलून नेली. ठावं असल्याबिगार गाडी येती का?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मी नांवें लिहूं लागलों. म्हातारी १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतून नवऱ्याबरोबर मुंबईंत आली होती. त्या दुष्काळानें किती कुटुंबें या शहराच्या फूटपाथवर आणून टाकलीं त्याची गणती नाहीं. मुलगा बाजारांत हमाली करी, सून गजरे करी. माझ्या मनांत शिक्षकाला साजेसा एक प्रश्न आला, आणि तो मीं विचारलाहि: "एवढे हाल काढण्यापेक्षां दूर कोठें विरारकडे एखादी खोली कां घेत नाहीं?"

सुनेनें दोऱ्यावरून मान वर केली. "सायेब, माल उतरतो तवा रात्रच असती. शेवटची गाडी एकाला, पयली चारला. मधी आमी यावं कशानं?"

जवळ रात्रनिवारा असता तर गेलां असतां का, असें मीं विचारलें. तिनें सांगितलें कीं, तिच्या ओळखीची एक बाई अशा एका जागीं जाऊन आली होती. तेथें बायका निराळ्या, पुरुष निराळे, आणि दहा वर्षांवरच्या मुलाला आईजवळ ठेवूं देत नव्हते. "मंग ह्यो एकीकडं, मी एकीकडं, अन् पोरगं तिसरीकडं. त्यापरीस हितं बरं. हितं पाचीजन एका चादरीत हावोत."

मीं पांच नांवें लिहिलीं आणि पुढें गेलों.

त्या शिरगणतींत बृहन्मुंबईंत सत्तावन्न हजारांहून अधिक माणसें बेघर म्हणून नोंदली गेलीं. महाराष्ट्रांत तीं दोन लाख दहा हजार, सबंध देशांत सतरा लाख बहात्तर हजार भरलीं. देशाचा एकूण आंकडा २००१ च्या मानानें थोडा उतरला होता, पण शहरांतला मात्र सात लाख अठ्ठ्याहत्तर हजारांवरून नऊ लाख अडतीस हजारांवर गेला होता. या क्षेत्रांत काम करणारे लोक म्हणतात कीं, खरी संख्या याहून पुष्कळ मोठी असली पाहिजे. एका रात्रीच्या अनुभवावरून मलाहि तें पटतें. जे रात्रपाळीच्या कामावर गेले होते ते आपल्या अंथरुणावर नव्हते. आणि ज्यांनीं आम्हां कागदवाल्यांना दुरून पाहिलें, त्यांतले कित्येक चादर गुंडाळून दुसऱ्या गल्लींत निघून गेले. पुढची शिरगणती २०२१ सालीं व्हावयाची. ती त्या सालीं झाली नाहीं, आणि त्यामुळें हाच अपुरा आंकडा पुढें कित्येक वर्षें वापरांत राहिला.

त्या सुनेनें मला जें एका वाक्यांत सांगितलें, तें या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें फार पूर्वींच येऊन गेलेलें आहे. १९८१ च्या जुलैंत, ऐन पावसाळ्यांत, मुंबईच्या फूटपाथवरील लोकांना उठवून आपापल्या गांवीं धाडावें असें सरकारनें ठरविलें. कांहींना बसगाड्यांत घालून धाडलेंहि. प्रकरण न्यायालयांत गेलें. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नांवानें ओळखला जाणारा तो निकाल १० जुलै १९८५ रोजीं लागला; निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचें. त्यांत मान्य केलें आहे कीं, माणूस फूटपाथवर राहतो तो तेथून काम जवळ असतें म्हणून. त्याची जागा गेली कीं त्याचें काम जातें, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. परंतु त्याच निकालांत असेंहि म्हटलें आहे कीं, फूटपाथ हा चालण्यासाठीं आहे आणि रीतसर सूचना देऊन तो मोकळा करण्याचा अधिकार नगरपालिकेला आहे. पावसाळा लक्षांत घेऊन ३१ ऑक्टोबरपर्यंत कोणाला हलवूं नये, एवढी सवलत मिळाली. या निकालाचा पहिला भाग आपल्या कायद्याच्या पुस्तकांत मोठ्या अभिमानानें उद्धृत होतो. फूटपाथवरच्या माणसाला मात्र अनुभव आला तो दुसऱ्या भागाचा.

रात्रनिवाऱ्याचा प्रश्न न्यायालयापुढें नीट आला तो याहि नंतर पंचवीस वर्षांनीं, आणि तो मुंबईमुळें नव्हे, दिल्लीमुळें आला. २००९ च्या डिसेंबरांत दिल्लीच्या पुसा रोडवरील एक तात्पुरता निवारा ऐन कडाक्याच्या थंडींत पाडण्यांत आला. उघड्यावर पडलेलीं माणसें गारठून मरूं लागलीं तेव्हां न्यायालयांनीं लक्ष घातलें. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें मोठ्या शहरांसाठीं एक प्रमाण घालून दिलें: लोकसंख्येच्या दर लाखामागें शंभर माणसांची सोय असलेला एक निवारा, आणि तो बारा महिने चोवीस तास उघडा. २०१३ सालीं केंद्र सरकारनें जी योजना आंखली तिच्यांत हेंच प्रमाण आलें, आणि माणशीं निदान पन्नास चौरस फूट जागा असावी, निवारा कामाच्या ठिकाणांजवळ असावा, अशीहि अपेक्षा लिहिली गेली.

२०११ सालीं मुंबईची वस्ती एक कोटी चोवीस लाख होती. म्हणजे या शहरांत सव्वाशेंच्या आसपास निवारे व्हावयास हवे होते. त्या संख्येच्या जवळपासहि मुंबई पोहोंचली नाहीं. आणि जे थोडे निवारे उभे राहिले त्यांतले बरेचसे लहान मुलांसाठीं होते. मुलांची सोय झाली हें उत्तमच. पण मूल सतरा वर्षांचें असतां निवाऱ्यांत आणि एकोणिसावें लागल्यावर पुन्हां फूटपाथवर, याला सोय म्हणणें कठीण आहे. दिल्लींत तंबू आणि पत्र्याच्या खोल्या धरून निवाऱ्यांची संख्या दोनशेंच्या घरांत गेली. कारण उघड आहे. दिल्लींत जानेवारींत माणसें थंडीनें मरतात, आणि मेलेल्यांची बातमी होते. मुंबईंत थंडी नाहीं, म्हणून येथें निकड नाहीं, असें जबाबदार माणसांच्या तोंडून मीं ऐकलेलें आहे. पावसाळ्याचे चार महिने हीं माणसें निळ्या प्लास्टिकखालीं बसून झोंपतात. उंदरांच्या मुताच्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो आणि त्यानें माणसें दगावतात. परंतु तो मृत्यु तापाच्या खात्यांत मांडला जातो, बेघरपणाच्या खात्यांत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, जागा आहे कोठें? हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करूं. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित आले तेव्हां कल्याणजवळची लष्करी छावणी रिकामी होती. सुमारें एक लाख माणसें त्या बराकींत राहिलीं, आणि १९४९ च्या ऑगस्टमध्यें त्या छावणीचें उल्हासनगर झालें. ती सोय सुखाची नव्हती. एकेका बराकींत गोणपाटाचे पडदे लावून संसार झाले. पण माणसें पावसांत राहिलीं नाहींत. २०२० सालीं साथीमुळें सर्व व्यवहार थांबले, तेव्हां मजुरांसाठीं शाळाहि उघडल्या गेल्या. इमारती त्याच होत्या. सायंकाळीं शाळा सुटली कीं महापालिकेच्या शाळांचे वर्ग दुसऱ्या सकाळपर्यंत कुलुपांत असतात, आणि त्यांच्याच भिंतीला टेंकून फूटपाथवर त्याच शाळेंतलीं दोनचार मुलें झोंपलेलीं असतात. पावसाळ्यापुरते तरी तळमजल्याचे वर्ग रात्रीं उघडावेत, ही सूचना मीं शिक्षक असतांना केली होती. आमच्या शिक्षकांनींच ती उडवून लावली. सकाळीं सातच्या आंत वर्ग धुवून कोण देणार, बाकें मोडलीं तर भरपाई कोणाकडून, बायकांच्या सुरक्षिततेची हमी कोण घेणार, असे त्यांचे प्रश्न होते. प्रश्न खोटे नव्हते. पण त्यांचीं उत्तरें एक रखवालदार, एक झाडूवाली आणि थोडा पैसा, यांपलीकडे जाणारीं नव्हतीं. २६ जुलैच्या रात्रीं हे प्रश्न कोणाला सुचले नव्हते.

जागेपेक्षां अवघड गोष्ट आहे ती नियमांची. आपल्याकडे निवाऱ्याची परंपरा आहे ती धर्मशाळेची, आणि महाराष्ट्रांत धर्मशाळा म्हटलें कीं गाडगे महाराजांची आठवण होते. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथें त्यांनीं धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र ते आंत न राहतां बाहेरच कोठें तरी पडून राहत, असें सांगतात. त्यांनीं पंढरपुरास चोखामेळ्याच्या नांवानें जी धर्मशाळा बांधली ती कां बांधावी लागली, याचा विचार करा. पंढरपुरांत धर्मशाळांचा तोटा नव्हता. पण त्यांच्या उंबऱ्यावर नियम होता, आणि ज्याला सर्वांत आधीं छप्पर हवें होतें त्यालाच तो नियम बाहेर ठेवीत होता. ही धर्मशाळा महाराजांनीं १९४९ सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

आज उंबऱ्यावरचे नियम निराळे आहेत. ओळखपत्र दाखवा. रात्रीं दहाच्या आंत या, सकाळीं सातला निघा. दारू प्यालेला नको. सामान आणूं नका. सहकुटुंब येऊं नका. हातगाडीवाल्याला गाडी बाहेर ठेवा म्हणावें तर सकाळीं गाडी जागेवर नसते, आणि गाडी हेंच त्याचें भांडवल. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर बिहारचीं, बंगालचीं, विदर्भाचीं माणसें रुग्णाला घेऊन आठवडेच्या आठवडे राहतात. त्यांना गांवीं घर आहे, शेत आहे. येथें ते बेघर आहेत. दादरची गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा अशा रुग्णांची फार मोठी सोय करते, पण ती भरली कीं उरलेल्यांना फूटपाथच. या माणसाला सकाळीं सातला उठून जा म्हणणें म्हणजे केमोथेरपीच्या दुसऱ्या दिवशीं रुग्णाला रस्त्यावर बसविणें.

मग होतें असें कीं, निवाऱ्यांत कांहीं खाटा रिकाम्या राहतात. त्या रिकाम्या खाटा मोजल्या जातात, आणि अहवालांत लिहिलें जातें कीं, या लोकांना निवारा नकोच आहे, त्यांना रस्त्याची संवय झाली आहे. फुलबाजारांतल्या त्या सुनेची खाट अशीच कोठें तरी रिकामी म्हणून मोजली गेली असेल. तिला छप्पर नको होतें असें नाहीं. पांच जणांचें मिळून, बाजारापासून पायीं जातां येईल अशा जागेंत, रात्रीं दोन वाजतां दार उघडून बाहेर पडतां येईल असें छप्पर तिला हवें होतें. तसें आपण तिला कधीं देऊं केलेंच नाहीं.

इतरांविषयीं एवढें बोललों, तेव्हां एक हकीकत माझ्या स्वतःच्या घरची सांगितली पाहिजे.

२०१९ च्या जुलैच्या पहिल्या दिवसांत मुंबईंत असाच मुसळधार पाऊस झाला. मी तेव्हां निवृत्त झालों होतों आणि आमच्या सोसायटीच्या कमिटीवर होतों. रात्रीं अकराच्या सुमारास सेक्रेटरींचा फोन आला. फाटकाबाहेर एक जोडपें दोन मुलांना घेऊन उभें आहे, कोपऱ्यावरच्या फूटपाथवरचेच लोक आहेत, पाऊस ओसरेपर्यंत खालीं मोटारी उभ्या असतात त्या जागेंत उभें राहूं द्याल का म्हणून विचारीत आहेत. रखवालदार म्हणतो मी काय सांगूं? एकदां आंत घेतलें कीं रोज येतील, असें सेक्रेटरींचें म्हणणें होतें. मीं खिडकींतून पाहिलें. पाऊस इतका होता कीं फाटक दिसत नव्हतें. मी हो म्हणालों नाहीं, नाहीं म्हणालों नाहीं. "तुम्हांला योग्य वाटेल तें करा," असें म्हणून मीं फोन ठेवला. या वाक्याचा अर्थ काय होतो हें त्यांना कळत होतें आणि मलाहि.

फाटक उघडलें नाहीं. रखवालदारानें मात्र एका मोटारीवरचें प्लास्टिकचें आच्छादन काढून फाटकावरून त्या माणसाच्या हातांत दिलें. तें परत आलें नाहीं. मोटारीच्या मालकांनीं तक्रार केली, आणि पुढच्या सभेंत रखवालदाराला लेखी ताकीद देण्याचें ठरलें. त्या पत्रावर कमिटीच्या तीन सभासदांच्या सह्या आहेत. त्यांतली मधली सही माझी आहे.